गायले सर्वांनी, ऐकले कोणी?

जव्हार हे आमचे आजोळ. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत शाळेतील शिक्षकांची सहल निघाली, तेव्हा ठिकाण सुचवण्याचे काम आपोआपच आमच्याकडे आले. दुपारी जयविलास राजवाडा पाहून झाला आणि उन्हे कलल्यावर आम्ही सारे शिरपामाळावर येऊन बसलो. 1664 साली सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराजांचा मुक्काम या माळावर पडला होता. जव्हारचे राजे विक्रमशाह मुकणे यांनी त्यांचे स्वागत केले आणि मानाचा शिरपेच त्यांच्या मस्तकी खोवला, त्यावरून जागेला शिरपामाळ हे नाव पडले असे सांगतात. आता तेथे स्मारक आहे, आजूबाजूला मोकळा माळ आहे आणि संध्याकाळी वारा छान असतो.

डबे उघडले, चहा झाला. मग आमच्यातील एका सरांनी पिशवीतून स्पीकर काढला. त्याला जोडलेला माईक काढला, मोबाईलवर ट्रॅक लावला आणि कराओके सुरू झाले. एकेक जण उठत होता, रफी, मुकेश, किशोर यांच्या गाण्यांचे शब्द मोबाईलच्या पडद्यावर वाचत गात होता. आम्हीही दोन गाणी म्हटली. टाळ्या पडल्या. आमच्या आग्रहावरून आमचे मामूही तेथे आले होते. ते एका बाजूला दगडावर बसून होते. ‘मामू, तुम्हीही एक म्हणा,’ असे दोन-तीनदा सुचवून पाहिले, पण त्यांनी हसून मान हलवली.

परतताना ते आमच्याबरोबर चालत होते. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “बेटा, गाया सबने. सुना किसने?”

खरे सांगायचे तर आम्हाला राग आला. सुट्टीचा दिवस, मित्रांची बैठक, त्यात हा कसला हिशेब? पण रात्री आठवू लागलो, तेव्हा लक्षात आले की आमच्या आधी ज्या सरांनी गाणे म्हटले ते कोणते गाणे होते, हेच आम्हाला आठवत नव्हते. ते गात होते तेव्हा आम्ही मोबाईलमध्ये मान घालून आमच्या गाण्याचा ट्रॅक शोधत होतो. आम्ही गात होतो तेव्हा पुढचे सर तेच करत असावेत. मामूंचा प्रश्न साधा होता आणि त्याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. तेव्हापासून तो प्रश्न आम्ही सोडवून पाहत आहोत. हा लेख म्हणजे तो प्रयत्न.

प्रथम कराओके म्हणजे काय ते पाहू. शब्द जपानी आहे. ‘कारा’ म्हणजे रिकामा आणि ‘ओके’ हे ऑर्केस्ट्रा या शब्दाचे जपानी लघुरूप. रिकामा ऑर्केस्ट्रा. शिगेइची नेगिशी या जपानी गृहस्थांनी 1967 साली असे एक यंत्र बनवले होते. ते 2024 साली शंभराव्या वर्षी वारले. पण ज्यांच्या यंत्रामुळे हा प्रकार पसरला ते कोबे शहरातील दाइसुके इनोउए. ते तेथील बारमध्ये गिऱ्हाइकांच्या गाण्याला साथ करणारे वादक. एका धनिक गिऱ्हाइकाला सहलीत गायचे होते आणि साथीला इनोउए हवे होते. त्यांना जाणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी साथ टेपवर वाजवून दिली. सहल उत्तम झाली. त्यावरून कल्पना सुचून 1971 साली त्यांनी शंभर येनचे नाणे टाकून चालणारी अकरा यंत्रे तयार करवून भाड्याने दिली. पेटंट मात्र घेतले नाही. पुढे जगभर पसरलेल्या या धंद्यातला मोठा पैसा त्यांच्या हाती आला नाही. 2004 साली त्यांना ‘इग नोबेल’ हे थट्टेखोर पारितोषिक मिळाले, तेही शांततेचे. कराओकेमुळे माणसे एकमेकांना सहन करायला शिकली, असे त्याचे कारण देण्यात आले होते. थट्टा बाजूला ठेवली तरी त्यात एक सत्य आहे. कराओकेत आपण एकमेकांना सहन करतो. ऐकतो का, हा मामूंचा प्रश्न आहे.

या नावात आणखी एक गंमत आहे. ऑर्केस्ट्रा रिकामा म्हणतात, पण कराओकेच्या ट्रॅकमध्ये वाद्ये सगळी असतात. व्हायोलिन असते, ढोलक असतो, बासरी असते. नसतो तो फक्त गायक. त्याची जागा रिकामी ठेवलेली असते आणि त्या जागेत आपण तीन-चार मिनिटे उभे राहतो. रफीसाहेबांचे 31 जुलै 1980 रोजी मुंबईत निधन झाले. जुहूच्या कब्रस्तानात त्यांचा दफनविधी झाला. जागेच्या टंचाईमुळे 2010 साली तेथील जुन्या कबरी काढण्यात आल्या, त्यात त्यांचीही गेली. कब्रस्तानात जागा दुसऱ्यासाठी मोकळी करावी लागते, त्याची तक्रार करण्यात अर्थ नाही. पण गाण्यातली त्यांची जागा आजही शाबूत आहे. 2024 च्या 24 डिसेंबरला त्यांच्या जन्माला शंभर वर्षे झाली, तेव्हा गावोगावच्या हौशी गायकांनी त्याच जागेत उभे राहून त्यांना सलाम केला. प्रश्न एवढाच, की दुसऱ्याच्या जागेत उभे राहताना आपल्यावर काही जबाबदारी येते की नाही?

येथे जाणकार मंडळी म्हणतील की हे गाणेच नव्हे. रियाज नाही, सुराचे ज्ञान नाही, नुसती नक्कल. हे म्हणणे आम्हाला पटत नाही. आम्ही उर्दू माध्यमाचे शिक्षक आहोत. आमच्या आजोबांच्या काळी मुले तख्तीवर लिहीत. लाकडी पाटीला मुलतानी माती लावून वाळवायची, उस्ताद त्यावर फिक्या रेघेने अक्षरे काढून देत आणि मूल बोरूने ती गिरवत असे. अलिफ उस्तादांचा, शाई मुलाची. त्या मुलाला कोणी चोर म्हटले नाही. गिरवणाऱ्यांपैकी फार थोडे पुढे खुशनवीस झाले. बाकीचे आयुष्यभर पत्र लिहिण्यापुरते लिहू लागले, आणि तेवढ्यानेही त्यांचे आयुष्य बदलले. कराओके म्हणजे आवाजाचे गिरवणे आहे. पडद्यावर शब्दांचा रंग बदलत जातो, आपण त्यावरून आवाज फिरवतो. ज्याला कोणी कधी पेटीवर साथ केली नसती, त्यालाही आता साथ मिळते. निवृत्त कंडक्टर, बँकेतले कारकून, किराणा दुकानदार, ज्यांच्या मनात गाणे होते पण त्यासाठी मैफल नव्हती, त्यांना काही शे रुपयांच्या माईकने मैफल दिली. हे लहान काम नव्हे.

बायकांचे तर विचारूच नका. आमच्या घरांत लग्नाच्या आधी ढोलक घेऊन बायका रात्ररात्र गात. त्या गाण्यांत कोणाचाही आवाज चांगला की वाईट हे पाहिले जात नसे. आता लग्ने हॉलमध्ये होतात आणि ढोलकाची रात्र डीजेने खाल्ली. आमच्या नात्यातील एक आपा टाळेबंदीच्या काळात, 2020 साली, कानाला इअरफोन लावून स्वयंपाकघरात मोबाईलवर गाऊ लागल्या. ॲपवर त्यांनी स्वतःचे नाव ठेवले नाही, फोटो ठेवला नाही. फक्त आवाज. कोणा अनोळखी बाईने दूरच्या शहरातून त्यांच्याबरोबर युगुलगीताची दुसरी बाजू गायली. त्या आम्हाला म्हणाल्या, “चाळीस वर्षांत पहिल्यांदा कळलं, की माझा आवाज पातळ नाही, गोड आहे.” याला नक्कल म्हणून हिणवण्याचा अधिकार कोणाला आहे?

आता आपल्या समाजात हा विषय निघाला की पहिला सवाल हाच असतो, की संगीत जायज आहे का? आम्ही मुफ्ती नाही. वाद्यांना मनाई मानणारे उलेमा बहुसंख्य आहेत आणि त्यांच्या दलिली आहेत, हे आम्ही जाणतो. आपल्या भागावर चिश्ती बुजुर्गांचाही प्रभाव आहे. जव्हारमध्येही चिश्ती दर्गाह आहे आणि तेथील उरुसाला सर्व जातिधर्मांची माणसे येतात. समाविषयी सर्वांत बारीक विचार या बुजुर्गांनीच केला. समा सरसकट हलाल किंवा हराम असे म्हणून ते थांबले नाहीत. हजरत निजामुद्दीन औलिया यांनी समाच्या चार बाजू पाहायला सांगितल्या आहेत. मुस्मे म्हणजे ऐकवणारा, मुस्तमे म्हणजे ऐकणारा, मस्मू म्हणजे जे ऐकले जाते ते, आणि आलात-ए-समा म्हणजे साधने. ऐकवणारा प्रौढ पुरुष असावा, ऐकणारा अल्लाहच्या स्मरणापासून गाफील नसावा, जे गायले जाते त्यात थिल्लरपणा नसावा आणि वाद्ये मध्ये नसावीत.

या चार अटी लावल्या तर शिरपामाळावरची आमची बैठक केव्हाच नापास झाली असती. आम्ही सिनेमाची गाणी गात होतो, समा नव्हे. तेव्हा या अटी जशाच्या तशा आम्ही येथे लावत नाही. आम्हाला त्यांतील मांडणी महत्त्वाची वाटते. चारांपैकी एक अट खास ऐकणाऱ्यासाठी आहे. म्हणजे ऐकणे हे नुसते कानावर पडणे नव्हे, तीही एक जबाबदारी आहे, तिलाही नीयत लागते, असे त्या काळच्या मैफलीचे गृहीत होते. हजरत जुनैद बगदादी यांचे म्हणणे इमाम गजाली यांनी नोंदले आहे, की समासाठी तीन गोष्टी हव्यात: योग्य वेळ, योग्य जागा आणि योग्य सोबती. सोबती कशाला? गाणारा एकटा पुरेसा नाही म्हणूनच ना.

कराओकेने नेमका येथे घोटाळा केला. त्याने प्रत्येकाला मुस्मे केले आणि मुस्तमेची खुर्ची रिकामी ठेवली. ठाणे, पुणे, नाशिक अशा शहरांत आता कराओकेचे क्लब आहेत. आम्ही दोन-तीन ठिकाणी जाऊन बसलो. नावांची यादी असते, वर्गणी असते, प्रत्येकाला ठरलेली गाणी मिळतात. सुरुवातीला सभागृह भरलेले असते. ज्याचे गाणे झाले तो थोडा वेळ बसतो, मग घड्याळ पाहतो, मग निघतो. शेवटचा गायक रिकाम्या खुर्च्यांपुढे, पुढच्या रांगेत बसलेल्या आपल्या बायकोला गाणे ऐकवतो. हा कोणाचा दुष्टपणा नव्हे. सगळी भली माणसे असतात. पण जेथे प्रत्येक जण आपल्या पाळीची वाट पाहतो, तेथे दुसऱ्याचे गाणे म्हणजे नुसता मधला वेळ होतो.

मामूंना जे खटकले ते आणखी बारीक होते आणि ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळले. मामू तरुणपणी भिवंडीत राहत आणि एका ऑर्केस्ट्रात ॲकॉर्डियन वाजवत. भिवंडी, कल्याण, उल्हासनगर, गणपतीत तर रोज एक कार्यक्रम. ऑर्केस्ट्रात पंधरा माणसे होती. पुढे कीबोर्ड आला, त्यात ताल भरलेला असे. पंधराचे सहा झाले, सहाचे दोन झाले. मग ट्रॅक आला आणि दोघेही गेले. मामू जव्हारला परतले आणि त्यांनी दुकान टाकले. त्या संध्याकाळी आमच्या एका सरांनी जे गाणे म्हटले, त्यात दोन कडव्यांच्या मध्ये ॲकॉर्डियनचा एक पीस आहे. मामूंनी तो वीस वर्षे वाजवला होता. तो पीस सुरू झाला तेव्हा सर माईक खाली करून विचारत होते, ‘भजी उरली आहेत का?’ आणि बाकीचे हसत होते. पीस संपला, सरांनी माईक वर घेतला, बरोबर समेवर गाणे उचलले. मामू म्हणाले, “उसने एक सुर भी गलत नहीं लगाया. मगर वो गाने में था ही नहीं.”

गाण्यात जेव्हा आपला आवाज नसतो तेव्हाही आपण गाण्यातच असायला हवे, हे आम्हाला कोणी शिकवले नव्हते. हिंदी सिनेमाच्या गाण्यांतील ते पीस कोणी बांधले, कोणी वाजवले, हेही आम्हाला माहीत नव्हते. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांची वाद्यरचना करणारे सेबॅस्टियन डिसोझा गोव्याचे. प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस गोव्याचे. केरसी लॉर्ड पारशी, एनॉक डॅनियल्स पुण्याचे, हे दोघे ॲकॉर्डियनचे उस्ताद. यांच्याबरोबर शेकडो असे, ज्यांचे नाव तबकडीवर कधी छापले गेले नाही. दिवसाचा मेहनताना घेतला आणि घरी गेले. 1990 च्या दशकात सिंथेसायझर आणि संगणकाने मोठे वाद्यवृंद बंद पाडले, तेव्हा त्यांतील अनेकांच्या हातचे काम सुटले. न्यूझीलंडचे अभ्यासक ग्रेगरी बूथ यांनी या वादकांना भेटून 2008 साली त्यांच्यावर पुस्तक लिहिले. त्याआधी आपल्याला त्यांची आठवण फारशी झाली नव्हती.

मेहनतान्याच्या प्रश्नावर रफीसाहेब आणि लताबाई यांचा 1960 च्या दशकातला वाद प्रसिद्ध आहे. लताबाईंचे म्हणणे, गायकाला रॉयल्टी मिळाली पाहिजे. रफीसाहेबांचे म्हणणे, गायकाने गायले, पैसे घेतले, हक्क तेथे संपला. काही वर्षे दोघे एकत्र गायले नाहीत. कायद्याच्या दृष्टीने काळ लताबाईंच्या बाजूने गेला. 2012 साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का झाला, त्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत बोलले होते. आम्हाला दोघांचेही पटते. हक्क मागणाऱ्याने मागावा, तो न्याय आहे. पण हक्क सोडून देणाऱ्याचे देणे घेणाऱ्यावर शिल्लक राहतेच. ज्याने आपली जागा आपल्यासाठी मोकळी ठेवली, त्याची ती जागा आपल्याकडे अमानत असते. अमानतीचा नियम आपल्याला लहानपणापासून शिकवला जातो. वस्तू वापरायला मिळाली तर जपून वापरा, आपली म्हणून मिरवू नका आणि वेळ होताच परत करा. गाण्याच्या बाबतीत परत करणे म्हणजे काय? आमच्या मते, माईक पुढच्याच्या हाती देऊन उठून न जाता त्याच्यासमोर बसणे.

जव्हार-मोखाड्यात राहून तारप्याचा उल्लेख टाळता येत नाही. वाळवलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाचे पान आणि मेण यांपासून हे वाद्य बनते. वारली स्त्री-पुरुष हातात हात गुंफून तारपा वाजवणाऱ्याभोवती फेर धरतात. तो वळेल तसे वळतात आणि तारप्याकडे पाठ करत नाहीत. वाजवणारा डोळ्यांसमोर असतो, त्याचा श्वास दिसतो. आम्ही असे म्हणत नाही की सर्वांनी मोबाईल टाकून तारप्याकडे जावे. तो त्यांचा नाच आहे, आपल्या सहलीची करमणूक नव्हे. पण वाजवणाऱ्याकडे पाठ न करण्याचा तो रिवाज आम्हाला आमच्या मैफलीला हवाहवासा वाटतो. आमच्या शिरपामाळावरच्या बैठकीत वाजवणारा दगडावर बसला होता आणि आम्ही सारे त्याच्याकडे पाठ करून गात होतो.

त्या माळाच्या नावाचाही अर्थ आम्हाला तेव्हापासून वेगळा लागतो. शिरपेच स्वतःच्या हाताने खोवून घेता येत नाही, तो दुसऱ्याने खोवावा लागतो. आज कराओकेच्या स्पर्धांत प्रत्येकाला प्रशस्तिपत्र मिळते, ‘आमच्या गावचा रफी’ अशा पाट्या लागतात, ॲप तर आपल्याआप गुण देते. यंत्राला सूर कळतो, म्हणून ते शंभरपैकी नव्वद देते. पण ज्याला गाणे कळले आणि आवडले असा एक माणूस समोर नसेल, तर त्या नव्वद गुणांचे करायचे काय?

तेव्हा आमचे उत्तर असे आहे. कराओके वाईट नाही. रियाज नसलेल्या माणसालाही गाण्याचा हक्क आहे आणि हे यंत्र तो हक्क मिळवून देते. पण गाण्याचा हक्क यंत्र देऊ शकते, ऐकणारा देऊ शकत नाही. तो माणसांनीच एकमेकांना द्यायचा असतो. जितकी गाणी म्हटली तितकी तरी ऐकावीत. मधला पीस वाजतो तेव्हा गप्प राहावे. हे दोन नियम पाळले तर बैठक पूर्ण होते. आमच्या शिक्षकांच्या बैठकीत हे आम्ही सुचवले, तेव्हा एक सर हसून म्हणाले, ‘आता गाण्यालाही तुम्ही वर्गातली शिस्त लावणार!’ त्यांचे हसणे रास्त होते. वर्गातही आम्ही मुलांना वाचायला, बोलायला शिकवतो. ऐकायला शिकवण्याचा तास वेळापत्रकात नसतो.

गेल्या ईदला जव्हारला गेलो होतो. गाण्यातून आवाज आणि ठेका तेवढा ठेवून बाकीची वाद्ये वगळून देणारी ॲप आता मोबाईलवर मिळतात. मामूंचे ते गाणे आम्ही तसे करून नेले होते. मामींनी माळ्यावरून ॲकॉर्डियन उतरवून दिले. भात्याला एके ठिकाणी चिकटपट्टी लावावी लागली, दोन पट्ट्या बोलतच नव्हत्या. गाणे सुरू झाले, पहिले कडवे संपले आणि त्या मोकळ्या जागेत मामूंनी आपला पीस वाजवला. बोटे दोनदा चुकली. तिसऱ्या वेळी नीट बसला. मामी दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

गाणे संपल्यावर मामूंनी भाता मिटला आणि विचारले, “बेटा, तुझे भी गाना था क्या?”

आम्ही म्हटले, “नहीं मामू, आज सुनने आए हैं.”